आक्कांचं निळं हाड

आक्कांच्या हातात नवा दगड दिला की त्या आधी तो चाटायच्या आणि मग विचारायच्या, "कुठनं आणलास?" उलटा क्रम त्यांनी उभ्या नोकरीत कधी केला नाही. दगड पंचगंगेतला असो, गटाराकडेचा असो, नाहीतर कुणाच्या पायरीखालून निघालेला असो. पदराने पुसला न पुसला, की जिभेचं टोक लागलंच. मग त्या डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. लोणच्याची फोड तोंडात टाकून मीठ बेताचं आहे का ते ठरवणाऱ्या बाईचा चेहरा असतो, तसा चेहरा व्हायचा.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात, भूशास्त्र विभागात, आक्का प्रयोगशाळा परिचर होत्या. मी पेठ वडगावहून एस.टी.ने यायची. रसायनशास्त्राची यादी माझ्या नावाच्या थोडी आधी संपली आणि मी दगडांच्या वाट्याला आले. नव्वदच्या दशकातली ती गोष्ट. वर्गात आम्ही पाच जण, पाचही असेच कुठल्या ना कुठल्या यादीतून गळलेले. पहिल्याच दिवशी आक्कांनी प्रत्येकाच्या हातात एकेक खडा ठेवला आणि चाटायला सांगितलं. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी मी धीर केला आणि मोठ्या तज्ज्ञासारखं जाहीर केलं, खारट आहे.

"ते तुझ्या घामाचं हाय," आक्का म्हणाल्या. "हात पुस, आन् परत चाट."

हे काही त्यांचं वेड नव्हतं, बरं का. ओला झालेला दगड आपली खरी अंगकांती दाखवतो, मातकट दगड जिभेला धरतो, मिठाचा दगड मीठच लागतो. पुस्तकात हे तीन ओळींत लिहिलेलं असतं आणि वाचणारे ते वाचून पुढे जातात. आक्का पुढे गेल्या नाहीत, एवढंच. बाकी कॉलेजात मात्र त्यांना सगळे 'चाटेबाई' म्हणायचे, आणि कँटीनवाला त्यांच्या भज्यांची बशी ठेवताना न चुकता विचारायचा की बशीसुद्धा चाटणार का.

आक्का कसबा बावड्याच्या. वडील साखर कारखान्यात होते. बारावी सायन्सला पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच वर्षी वडील गेले. पाठीवर तीन भावंडं. तेव्हा ज्या कॉलेजात शिकायला यायचं, त्याच कॉलेजात त्या नोकरीला आल्या. हे त्या कुणी विचारलं तर सांगायच्या, आणि सांगताना आवाज जराही खाली यायचा नाही. खरं तर त्यांचा आवाज कशानेच खाली यायचा नाही. त्या प्रयोगशाळेत कुजबुजल्या तरी ग्रंथालयातून 'शू' यायचं. जयंतीच्या दिवशी निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी नेसून त्या बावड्याच्या मिरवणुकीत पुढे असायच्या, आणि दुसऱ्या दिवशी घोषणा देऊन बसलेल्या आवाजात आम्हाला गारगोटी शिकवायच्या. एवढ्याच एका दिवशी ग्रंथालयाला शांतता मिळायची.

शिकवायच्या असं मी म्हणते. कागदोपत्री त्या कपाटं पुसायच्या आणि लेबलं लिहायच्या. लेबलांचं अक्षर मात्र बघावं असं. काचेच्या कपाटातल्या प्रत्येक दगडाखाली त्यांच्या वळणदार हातचं एक कार्ड होतं: नाव, गुणधर्म, ठिकाण, संग्राहक. संग्राहकाच्या रकान्यात सरांची नावं, जुन्या विद्यार्थ्यांची नावं. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचंही नाव होतं, कारण त्यांच्या प्लॉटवर पाया खणताना एक बरा दगड निघाला होता. आक्कांचं नाव कुठेच नव्हतं. कपाटातले अर्धे दगड त्यांनीच विहिरींच्या आणि रस्त्यांच्या कामांवरून वेचून आणलेले होते. मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, माणूस वाईट नव्हते, पण नियमाचे होते. संग्राहक अध्यापक किंवा विद्यार्थी असावा, असं कुठल्याशा जुन्या कागदात होतं म्हणे. एकदा कपाट पुसता पुसता आक्का मला म्हणाल्या, "एका दगडावर माझं नाव पायजे बघ. एकच. लई न्हाय." आणि पुन्हा काच पुसायला लागल्या. ते मी विसरले नाही.

खनिज ओळखायची त्यांची पद्धत म्हणजे मुलगी दाखवायला आणल्यावर चार जाणत्या बायका करतात तशी चौकशी. आधी नख लावायचं. नखाने ओरखडा उठला तर अंगाने मऊ. नाही उठला तर तांब्याचं नाणं, मग चाकूचं पातं. मग खरबरीत पांढऱ्या कौलावर घासून रेघ कोणत्या रंगाची येते ते बघायचं. मग हातावर तोलून वजन, मग उजेडात धरून चकाकी. आणि सगळ्यात शेवटी रंग. आम्ही सगळे रंगावरूनच नाव ठोकून द्यायचो आणि दर वेळी बोलणी खायचो. "रंगावर जाऊ ने," त्या म्हणायच्या. "दगूड खोटं बोलत न्हाय, रंग बोलतो." हे वाक्य मी तीन वर्षांत शेकडो वेळा ऐकलं असेल.

पण आक्कांची खरी हौस म्हणजे फॉस्फेटची परीक्षा. दगडाची चिमूटभर पूड नायट्रिक आम्लात विरघळवायची, त्यात अमोनियम मॉलिब्डेट घालायचं आणि नळी हलकी गरम करायची. फॉस्फेट असेल तर पिवळाधमक साका नळीच्या बुडाशी बसतो. तो दिसला की आक्का ओरडायच्या, "लागली हळद," आणि आम्ही पाचही जण स्टुलांवर चढून शुभमंगल सावधान म्हणायचो, खडूचे तुकडे अक्षता म्हणून उधळायचो. आमच्या भागात फॉस्फेटचा दगड मिळणं मुश्किल. सगळा काळा पाषाण आणि तांबडा जांभा. त्यामुळे हे लग्न वर्षातून एकदाच, विकत आणलेल्या एका नमुन्याचं लागायचं. दरवर्षी तोच नवरदेव, तरी हौस तेवढीच.

दुसऱ्या वर्षी मी एक पराक्रम केला. आक्कांची पाठ आखडली होती, म्हणून टेस्ट ट्यूब धुवायचं काम मी मागून घेतलं. त्या ब्रश आणि साध्या पाण्याने धुवायच्या. मला वाटलं, आपण झकास चमकवून ठेवू. होस्टेलच्या एका मुलीकडून वॉशिंग पावडर आणली, ढीगभर फेस केला, आणि सव्वापाचची वडगावची गाडी चुकू नये म्हणून एकदाच पाणी फिरवून पळाले. कपड्याच्या पावडरीत फॉस्फेट असतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी राधानगरीकडचा जांभा तपासायला घेतला आणि हळद लागली. त्या बघतच राहिल्या. मग काळा पाषाण घातला, तोही पिवळा. गारगोटी पिवळी. आम्हाला तर चेव चढला. आमच्यातला दिल्या पुढे झाला, त्याने खडू टाकला, मग खिशातल्या भडंगातला शेंगदाणा टाकला. ज्याला म्हणून नळीत टाकावं तो बोहल्यावर चढलेला. शुभमंगल म्हणून घसे सुकले. आक्का हसता हसता डोळे पुसत सरांना बोलवायला गेल्या. सर आले, रांगेतली एक रिकामी नळी त्यांनी उचलली, तिच्यात नुसतं शुद्ध पाणी घातलं आणि तीच सगळी रसायनं घातली. साका पिवळा.

"पाण्यालाही हळद लागली, आक्का," सर शांतपणे म्हणाले. "आता वाजंत्री सांगा."

आक्का एवढंच बोलल्या की नळ्या धुणं त्यांचं काम आहे आणि चूक त्यांची आहे. मी जमिनीकडे बघत उभी होते. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. पुढे महिना-दीड महिना स्टाफरूममध्ये आक्का चहा घेऊन गेल्या की कुणीतरी विचारायचंच, चहाला हळद लागली का. त्या सगळ्यांबरोबर हसायच्या. मला ते हसणं ऐकवत नसे.

त्याच फेब्रुवारीत आमची सहल आजऱ्याला गेली, जांभा बघायला. तिथल्या काजूच्या कारखान्याचे मालक सरांचे वर्गमित्र निघाले, त्यामुळे सर काजू बघत तिकडेच रमले आणि आम्ही आक्कांच्या मागोमाग एका शेतात शिरलो. तिथे जुन्या विहिरीतला गाळ काढायचं काम चाललं होतं. काठावर काळा-राखाडी चिखल साचला होता. शेतमालक म्हातारे पुढे आले.

"पावणं, पाण्याचं बघाय आलाय व्हय?"

"न्हाय," आक्का म्हणाल्या, "चिखलाचं." आणि चिखलातून एक लांबट तुकडा उचलून, पदराने पुसून, त्यांनी जिभेला लावला.

तो चिकटला. इतका चिकटला की आक्कांनी दोन्ही हात सोडले तरी पडेना. कमरेवर हात ठेवून, जिभेला तो वीतभर तुकडा लोंबकळत असलेल्या आक्का त्या विहिरीच्या काठावर उभ्या आहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. म्हाताऱ्यांची बायको आमच्यासाठी पाणी घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेवरून परत घरात गेली. दिल्या चिखलात बसून हसत होता. आक्कांनी तुकडा सोडवला आणि निकाल दिला. "दगूड न्हाय ह्यो. हाड हाय. दगूड एवढा धरत न्हाय."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. त्यांच्या आज्याच्या काळात एक म्हैस त्या विहिरीत पडली होती म्हणे. आक्कांनी चूळ भरली आणि हाड पुन्हा हातात घेतलं.

हाडाच्या पोकळीत पिठासारखं काहीतरी पांढरं होतं, मध्ये बारीक पारदर्शक पापुद्रे. आक्कांनी नख लावलं, ओरखडा उठला. एक पापुद्रा चिमटीत धरून वाकवला, तो मोडला नाही, वाकला. आक्कांनी तो उजेडात धरून बघितला. मग मला म्हणाल्या, "वही काढ. रंग पांढरा. लिही, आन् वेळ घाल." मी लिहिलं. कुठलाही नमुना एका जागी ठेवायचा नाही, एक सांडला तर दुसरा हाताशी पाहिजे, असा त्यांचा नेम होता. त्यांनी दिल्याकडून कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी घेतली, पोकळीतलं थोडं पांढरं चिखलासकट तिच्यात गच्च दाबून भरलं, झाकण लावलं. हाड ओल्या पोत्यात गुंडाळून पिशवीत टाकलं.

सकाळी प्रयोगशाळेत पोतं उलगडलं तर पांढरं पीठ निळं झालं होतं. फिकट, लाजरं वगैरे नाही, चांगलं गडद निळं. आम्ही पाच जण आणि आक्का, सहाही जण टेबलावर वाकून बघत होतो.

"आमच्याच रंगाचा निघाला की गं," आक्का म्हणाल्या आणि टाळी द्यायला हात पुढे केला.

विभागातल्या जुन्या जाड पुस्तकात मी शोधायला बसले. दुपारपर्यंत सापडलं: व्हिव्हियनाइट. लोहाचं पाणीदार फॉस्फेट. ताजं असताना रंगहीन किंवा पांढरं, उजेड-वारा लागला की निळं पडतं. नखाने ओरखडा उठतो, पातळ पापुद्रे वाकतात, आम्लात विरघळतं, कधी कधी चिखलात रुतलेल्या हाडांत सापडतं. कपाटात नव्हतं, कुणी आमच्या जिल्ह्यात पाहिल्याचं सरांनाही माहीत नव्हतं. आक्कांनी त्याची कुळी एका दमात सांगून टाकली. "लोखंड आजऱ्याचं, फॉस्फरस म्हशीचा. सोयरीक चिखलात जमली."

सरांनी हाड भिंगाखाली धरलं आणि कपड्याची नीळ कुठे सांडली का, असं विचारलं. माझी वही दाखवली. त्यावर ते म्हणाले, वहीत पांढरा, हातात निळा, म्हणजे नमुना बदलला तरी आहे नाहीतर पोत्याचा रंग लागला आहे. हळद लावून दाखवली. त्यावर ते म्हणाले की हाड स्वतःच फॉस्फेटचं असतं, हळद लागणारच. शिवाय आपल्या नळ्यांना पाण्यातसुद्धा लागते. त्यांचं बोलणं शास्त्राला धरून होतं, म्हणून जास्त लागलं. लेबल होणार नव्हतं. पुरावा एकच उरला होता, पांढऱ्याचं निळं होताना कुणीतरी डोळ्यांनी बघणं, आणि ते पांढरं फक्त त्या डबीत होतं. तेही राहिलं असलं तर.

आम्ही म्हटलं, उघडा डबी, दाखवा सरांना. आक्का नाही म्हणाल्या. एकदा उघडली की संपलं, पुन्हा पांढरं होणार नाही. सरांनी नेमकं तेव्हाच घड्याळ बघितलं तर काय घ्या? एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. दोघांच्या समोर उघडायची, असं त्यांनी ठरवलं. मेणबत्तीचं मेण ओघळून झाकण बंद केलं, डबी ओल्या वाळूच्या मडक्यात पुरली, मडकं कपाटामागे अंधारात ठेवलं. दोन महिने रोज सकाळी त्या मडक्याला तांब्याभर पाणी घालायच्या. कॉलेजातल्या नव्या शिपायाला वाटलं, बाईंचं काही व्रत असेल.

परीक्षेच्या दिवशी आक्का निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या. परीक्षक उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं, फॉस्फेट कसं ओळखाल. मी सगळं घडाघडा सांगितलं, आम्ल, मॉलिब्डेट, पिवळा साका. काय खबरदारी घ्याल, त्यांनी विचारलं. शेजारी मोठे सर बसले होते, दारात आक्का उभ्या होत्या.

"नळी वॉशिंग पावडरने धुऊ नये, सर," मी म्हणाले, आणि मग थांबताच येईना. "मी धुतल्या होत्या. गेल्या खेपेच्या सगळ्या नळ्या मीच धुतल्या होत्या. आक्कांनी नाही."

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे. परीक्षकांना काहीच कळेना. त्यांनी खुलासा विचारला आणि मी म्हशीपासून मडक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं, रडत रडत, पण आजऱ्याच्या म्हातारीचा भाग आला तेव्हा हसत. परीक्षक खुर्चीतून उठले आणि म्हणाले, आणा ती डबी.

खिडकीशी उन्हात पांढरं कौल ठेवलं. आक्कांनी मेण खरवडून झाकण काढलं आणि चिखल कौलावर उपडा केला. राखाडी चिखल, आणि त्यात ताज्या पिठासारखे पांढरे ठिपके. राहिलं होतं. आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो आणि काहीही झालं नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चहा आला. भडंग आलं. दिल्याची परीक्षा अर्धवट राहिली होती, त्याला ती तशीच राहावी असं फार वाटत होतं. परीक्षक बशीतला चहा फुंकत कौलाकडे बघत होते, सर परीक्षकांकडे बघत होते, आणि आक्का कुणाकडेच बघत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

बाहेरच्या कडेच्या एका ठिपक्याला पहिल्यांदा निळसर झाक आली. मला वाटलं, भास असेल. मग शेजारचा. मग आमच्या डोळ्यांदेखत, चहाची दुसरी फेरी संपेपर्यंत, सगळे ठिपके एकापाठोपाठ एक निळे होत गेले. परीक्षकांनी बशी खाली ठेवली, टेबलावरचं ते हाड उचललं, रुमालाने पुसलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाने ते जिभेला लावलं. ते चिकटलं. आक्का मोठ्याने हसल्या, ग्रंथालयातून 'शू' आलं, आणि मग आम्ही सगळेच स्टुलांवर चढलो. परीक्षा चालू आहे हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

हाड सोडवून परीक्षकांनी विचारलं, संग्राहक कोण. मोठ्या सरांनी कोरं कार्ड मागवलं. आक्का सवयीने ते घ्यायला पुढे झाल्या, तर सरांनी त्यांच्या हातात दिलं नाही. स्वतः खुर्चीत बसले आणि स्वतः लिहिलं. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांना शाईत बुडवून सोडल्यासारखं. त्या सगळ्या कपाटात कुरूप अक्षराचं लेबल ते एकच, कारण तेवढं एकच आक्कांनी लिहिलेलं नव्हतं.

आक्का निवृत्त झाल्या तेव्हा मी दुसऱ्या गावी भूशास्त्र शिकवत होते. निरोपाला आले, आणि जेवणं झाल्यावर बावड्याला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत विचारायचं राहिलेलं विचारलं. त्या दिवशी परीक्षकांपुढे मी नळ्यांचं कबूल केलं, तेव्हा त्यांना राग आला होता का.

"मला तवाच ठावं होतं की," आक्का म्हणाल्या. "त्याच दिवशी नळी चाटलीती मी. साबण लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? तू कवा बोलतीस ते बघत हुते." आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक लाडू ठेवला.

दोन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. मागच्या महिन्यात कळलं की विद्यार्थी नाहीत म्हणून तो विभागही बंद होतोय आणि कपाटं दुसऱ्या इमारतीत हलवतायत. मी गेले. दगड खोक्यांत भरले जात होते. मला शोधावं लागलं नाही. वाईट अक्षर लांबूनच दिसलं. हाड आता काळपट निळं झालं होतं, पीठ झडून गेलं होतं. कार्डावर सरांच्या हातचं: व्हिव्हियनाइट, आजरा, आणि संग्राहकाच्या पुढे आक्कांचं पूर्ण नाव. रंगाच्या रकान्यात 'पांढरा, नंतर निळा'. त्याच्याखाली पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, चार शब्द नंतर कधीतरी कुणी लिहून ठेवले होते: 'तरी रंगावर जाऊ नये.'

खोकी भरणारा पोरगा माझ्याकडे बघत होता. मी हाड उचललं, पदराने पुसलं आणि जिभेला लावलं. ते अजूनही तसंच धरतं. बाई बऱ्या आहेत का, असं त्याने विचारलं. मला उत्तर देता येईना, कारण जीभ अडकली होती. आणि ती सोडवायची मीही काही घाई केली नाही.